चिठ्ठीतला मिठाचा खडा

माझ्या अकराशे रुपयांच्या व्याजापायी एका बाईची दोन बोटं कायमची ताठ झाली. हे असं एका दमात मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात विषय निघाला की मी भांडी आवरायला उठते. नवरा म्हणतो, "अगं, झालं ते झालं, किती उगाळत बसशील?" त्याचं काय जातं बोलायला. बोटं त्याच्यामुळे गेली नाहीत.

मी मूळची चौलची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पगाराच्या दिवशी आमच्याकडे पाच पाकिटं जमिनीवर मांडली जायची. किराणा, दूध, शाळा, आलं-गेलं आणि पोस्ट. पहिल्या चार पाकिटांत कधी उसनवारी व्हायची, पण पोस्टाच्या पाकिटाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. "थेंबे थेंबे तळे साचे," हे वडील इतक्यांदा म्हणायचे की आम्ही भावंडं त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून नक्कल करायचो. एकदा आईची दाढ दुखायला लागली. ठेव पिकायला दोन महिने होते. आईने दोन महिने लवंग चावून काढले, पण ठेव मोडली नाही. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. आई स्वतःसुद्धा हसत सांगायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला आता वावगं वाटतं.

लग्न होऊन मी उरणजवळच्या गावात आले. सासरचे मिठागरवाले. म्हणजे एके काळचे. माझ्या लग्नापर्यंत निम्मी मिठागरं भराव टाकून बुजली होती आणि त्यांच्यावर कंटेनरची गोदामं उभी राहिली होती. नवरा दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. मला मात्र लग्नानंतर वर्षभरात एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली, हिशेब विभागात, तीही कायम. एक तारखेला पगार बँकेत, पीएफ कापून, विम्याचं कार्ड हातात. वाडीत असं कार्ड असलेली मी पहिली सून. त्याची घमेंड मला होती. नव्हती म्हणाले तर माझी जाऊ हसेल.

ही माझी मोठी जाऊ. गोदामांच्या रस्त्यावर ट्रेलरवाल्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी विकते. पहाटे चारला तिची परात वाजायला लागते. शाळा चौथीपर्यंत, पण कोणत्या ड्रायव्हरने गेल्या मंगळवारी दोन भाकऱ्या जास्त घेतल्या ते तिला आज विचारा. तिच्या घरात पैसे टिकत नाहीत असं ती स्वतःच सांगायची. "पैसा घरान ठेवला का त्याला पाय फुटतान गो. बायांचे हातान फिरता राहिला तंच वाचतं."

म्हणून ती भिशी चालवायची. बारा बाया, महिन्याला दोन हजार, ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. ज्यांना मिळाले त्यांची चिठ्ठी पुन्हा टाकायची नाही. वर्षभरात प्रत्येकीला एकदा. यात नवीन काही नाही, भिशी सगळीकडे अशीच असते. पण आमची भिशी तारखेवर नव्हती. अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी फुटायची. बायांतल्या निम्म्या कोलंबी सोलायच्या कामावर. उधाणाच्या भरतीला मासळी भरपूर येते, शेडमध्ये काम भरपूर मिळतं, म्हणजे हातात रोकड असते. मधल्या भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत कोणाकडे शंभर रुपये मागितले तरी ती तोंड फिरवेल. मला आधी हे हास्यास्पद वाटायचं. पैशाचा आणि चंद्राचा काय संबंध? माझा पगार चंद्र बघून होत नव्हता ना.

पहिल्यांदा जावेने मला भिशीत यायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "व्याज किती?"

तिच्या ओटीवरच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. एक म्हणाली, "अगो, ही बँकेन नांदायला पाहिजे होती." मला राग आला. पण त्या वर्षी एक बाई गाव सोडून गेली, बारावी जागा रिकामी पडली आणि जावेने गळ घातली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी बसले, आणि बसल्याबरोबर वही काढली. बाया वहीकडे बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या.

चिठ्ठ्या पितळेच्या तांब्यात टाकायच्या. तोंडावर ओला फडका. जाऊ डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घ्यायची आणि फडक्याखाली हात घालायची. तिचा हात तांब्यात जरा रेंगाळायचा. मग चिठ्ठी बाहेर. नाव वाचलं की सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "देवी पावली!" ज्या बाईचं नाव निघालं तीही म्हणायची, "देवी पावली गो." मग चहा.

आता मी हिशेबातली बाई. दोन-तीन महिन्यांतच माझ्या लक्षात आलं की देवी भलतीच हुशार आहे. एकीचं छप्पर वादळाने उडालं, त्याच महिन्यात तिची चिठ्ठी. एकीच्या मुलीचं बाळंतपण अडलं, पुढच्या अमावास्येला तिची चिठ्ठी. मी म्हटलं, असं कसं? चौथ्या महिन्यात उघडलेली चिठ्ठी केरात पडली होती ती मी उचलली, वहीला लावायला म्हणून. कागदाच्या घडीत काहीतरी बोटाला टोचलं. मिठाचा खडा. मिठागरावरचं जाडं मीठ, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा.

पाचव्या महिन्यात पुन्हा बघितलं. पुन्हा खडा.

म्हणजे जाऊ घरी बसून चिठ्ठ्या गुंडाळायची आणि ज्या बाईला द्यायचे तिच्या चिठ्ठीत मीठ घालायची. तांब्यात हात रेंगाळायचा तो बोटांनी खडा शोधायला. मला धक्का बसला, आणि खरं सांगते, आनंदही झाला. चोर सापडला की होतो तसा. आता मला विचाराल तर, कसली चोरी? तिने स्वतःची चिठ्ठी कधी लवकर काढली नव्हती. दर वर्षी ती शेवटची. पण हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. आपल्या वहीत न बसणारी गोष्ट दिसली की मला ती लबाडीच वाटायची.

सातव्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली माझी. नवीन वसाहतीत एका इमारतीत आम्ही वन बीएचके बघितला होता. बिल्डरला महिनाअखेरपर्यंत टोकन द्यायचं होतं, पंचवीस हजार. माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. बँकेत माझी एफडी होती, साठ हजारांची. पण ती पिकायला पाच महिने होते. आत्ता मोडली तर अकराशे रुपयांचं व्याज बुडणार होतं. मी ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं, तीनदा अकराशे आले. वडिलांचा आवाज कानात होताच. ठेव मोडायची नाही. मग मनात आलं, भिशी माझी निघाली तर?

दुसरी गोष्ट आमच्या शेजारणीची. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. कोलंबी सोलणारी. आठवड्यापूर्वी कोलंबीच्या डोक्याचा काटा तिच्या उजव्या हाताच्या बोटात घुसला होता. सोलणाऱ्या बायांना काटे रोज लागतात, त्या हळद चोपडतात आणि पुढच्या टोपलीकडे वळतात. तिनेही तेच केलं. पण हात सुजला, लाल झाला, मनगटापर्यंत ठणका. पनवेलच्या डॉक्टरने सांगितलं, आत पू झालाय, आठवड्याच्या आत चिरून साफ करायला हवं, नाहीतर बोटं वाकायची नाहीत. खर्च वीस-बावीस हजार. मोठ्या सरकारी इस्पितळात स्वस्तात झालं असतं, पण तिथे जायचं म्हणजे मुंबई, आणि सोबत कोण थांबणार? नवरा आजारी, घर तिच्याच रोजावर. विम्याचं कार्ड तिच्याकडे कुठलं? शेडमध्ये हजेरीची वहीसुद्धा नसते. टोपल्या मोजतात आणि पैसे देतात. टोपल्या सोलायला बोटं लागतात.

अमावास्या तीन दिवसांवर होती. ती हाताला फडका बांधून थांबली. भिशीसाठी थांबली आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तरी मी अमावास्येच्या दिवशी जावेकडे गेले. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "ताई, या महिन्यात मला भिशी हवी होती. घराचं टोकन भरायचंय."

तिने परातीतून मान वर केली नाही. "ह्या म्हयन्यात नको मागू गो. तिचा हात बघितलास ना?"

"मग चिठ्ठी कशाला काढता? सरळ वाटून टाका."

"चिठ्ठी देवीची हाय."

"देवीची की तुमची?"

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. म्हणाली, "तुना पगार हाय. तू थांबू शकतंस." बास, एवढंच. पण त्या 'तुना पगार हाय' ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगार काय मला फुकट मिळतो? पावसात, उन्हात, पोटुशी असताना मी त्या गोदामात जात नव्हते? कायम नोकरी असली म्हणून आपली पाळी सोडून द्यायची? घरी येऊन मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. तो जेवता जेवता म्हणाला, "मोड ना ती एफडी. हजार रुपड्यांनी काय राजवाडा बांधनारेस?" मी त्याच्या ताटात आमटी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावेच्या ओटीवर सगळ्या जमल्या. सहा जणींना आधीच मिळाले होते, तांब्यात सहा चिठ्ठ्या. शेजारीण खांबाला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर उशीसारख्या फडक्यावर. ताप असावा, डोळे लाल. तरी आल्यापासून ती बोलत होती, थट्टा करत होती. "माझा हात बघा, कसा पुरीवानी फुगलाय!" बाया हसत होत्या. जावेने तांब्यावर फडका टाकला, डोळे मिटले.

मी म्हटलं, "थांबा."

का बोलले, याचा किती वेळा विचार केला आहे. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नव्हता. मी उठले, जावेच्या पुढ्यातला तांब्या घेतला आणि ओटीवर उपडा केला. म्हटलं, "ही भिशी आहे की फसवणूक? प्रत्येक वेळी एका चिठ्ठीत मीठ असतं. बघा तुमच्या डोळ्यांनी." आणि एकेक चिठ्ठी उलगडत गेले. पहिलीत काही नाही. दुसरीत नाही. चौथी उलगडली आणि खडा फरशीवर टिक करून पडला. चिठ्ठीवर शेजारणीचं नाव.

मला वाटलं होतं, आता बाया जावेवर तुटून पडतील. एकीने पदर सारखा केला. एक दाराकडे बघत राहिली. आणि मला एकाएकी कळलं की त्या खड्याचं यांतल्या एकीलाही नवल वाटलेलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. कित्येक वर्षांपासून माहीत होतं. फक्त कोणी बोलायचं नव्हतं. बोललं की ते देवीचं राहत नाही, ते माणसाने माणसाला दिलेलं होतं. आणि माणसाने दिलेलं घेतलं की मान खाली जाते. एवढं साधं शहाणपण, चौथी शिकलेल्या बाईने एका मिठाच्या खड्यात बांधून ठेवलेलं, आणि मी बी.कॉम. झालेली बाई नाकाने कांदे सोलत उभी.

शेजारणीने सुजलेला हात हळूच पदराखाली घेतला. तिचं हसणं गेलं. ते जाताना मी बघितलं.

मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. पण एकदा चूक केली की माणूस ती बरोबर ठरवायला आणखी एक करतो. मी म्हटलं, "आता नव्याने चिठ्ठ्या करा, आणि दुसरं कोणीतरी काढा. नियम म्हणजे नियम." जावेने चिठ्ठ्या पुन्हा गुंडाळल्या आणि तांब्या पुढे सरकवला. सगळ्यांत वयस्कर बाईने चिठ्ठी काढली.

माझी निघाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एक क्षण का होईना, पण झाला. "देवी पावली" कोणी म्हणालं नाही. चहाही झाला नाही. चोवीस हजार पर्समध्ये घालून मी घरी आले आणि वरचे हजार टाकून दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे भरले. पावती फाईलला लावली.

चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज यायला लागला. आमची भिंत एका विटेची. दिवसभर मी ऑफिसात, पण घरी आले की तो आवाज. स्वयंपाक करताना, मुलाचा अभ्यास घेताना. नवरा ट्रेलर घेऊन गुजरातेत गेला होता, फोनवर म्हणाला, "तुला ऐकू येतंय ना? मग माझ्याशी काय बोलतेस?" सहाव्या दिवशी मी ऑफिसातून सुटी घेतली, बँकेत गेले आणि एफडी मोडली. खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, पाच महिने थांबला असतात तर..." मी म्हटलं, "माहीत आहे."

पंचवीस हजार पाकिटात घालून तिच्या दारात गेले. ती जमिनीवर निजली होती. हात बघवत नव्हता. मी पाकीट तिच्या उशाशी ठेवलं. म्हटलं, "हे घे आणि आत्ता चल. रिक्षा बोलावते."

तिने पाकिटाकडे बघितलं. डाव्या हाताने ते माझ्याकडे सरकवलं.

"मना नको."

"अगं, वेडी आहेस का? हात जाईल."

"देवीनं दिलं असतं तं घेतलं असतं," ती म्हणाली. रागाने नाही, समजावल्यासारखी. "सगल्यांसमोर तो खडा पडला. आता तुझा घेतला तं जल्मभर तुझे दारापुढून वाकून जायला लागल. तू वायट न्हाईस गो. पन मी न्हाय घेत."

मी रडले, हात जोडले, मग चक्क भांडले. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी पाकीट घेऊन परत आले. माझ्याकडे साठ हजार रुपये होते, बँकेची पासबुकं होती, इस्पितळाचं कार्ड होतं, आणि एका विटेच्या भिंतीपलीकडे त्यातलं काहीच पोचत नव्हतं. इतकी कंगाल मी पुन्हा कधी झाले नाही.

शेवटी तिला माझ्या जावेनेच नेलं. आठव्या दिवशी. गळ्यातले सोन्याचे मणी सोनाराकडे ठेवले आणि तिच्या घरात शिरून तिला शिव्या घातल्या. काय शिव्या! आख्ख्या वाडीला ऐकू गेल्या. "मरायचाय तं समुद्रान जाऊन मर, माझे ओटीवरून उठून मरायचा न्हाय!" असं म्हणत तिला रिक्षात कोंबलं. शिव्या देऊन दिलेलं घेता येतं, हे मला तेव्हा कळलं. मला शिव्याही देता आल्या नव्हत्या.

हात वाचला. बोटं दोन, मधलं आणि अंगठीचं, वाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर. ते 'तर' मी रोज ऐकते. कोलंबी सोलायला ती दोन बोटंच लागतात. शेडमध्ये तिला झाडायचं आणि बर्फ ओढायचं काम दिलं, निम्म्या रोजावर. भिशीत तिची चिठ्ठी बाराव्या महिन्यात निघाली. तांब्यात ती एकटीच उरली होती.

पुढच्या वर्षी भिशी चालू राहिली, पण तिच्यातला जीव गेला. प्रत्येकीला वाटायचं आपली नड मोठी. भांडणं व्हायला लागली. माझ्या वहीत सगळ्यांच्या सह्या असायच्या आणि ओटीवर कोणी कोणाकडे बघायचं नाही. जाऊ म्हणाली, "माझा हात आता कोन मानल?" आणि तिने चिठ्ठी काढायचं सोडलं. तांब्या शेजारणीपुढे सरकवला. का तिच्यापुढे, ते तिने सांगितलं नाही. मी भिशी सोडावी असं मला कोणी म्हणालं नाही. तेच जास्त लागायचं. मी जाऊन कोपऱ्यात बसायची. पुढे वही आणायचंही बंद केलं.

दोन वर्षं अशीच गेली. मग माझी नोकरी गेली.

गोदाम दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि हिशेबाचं काम सगळं मुंबईच्या ऑफिसात गेलं. आम्हा सात जणांना एका खोलीत बसवून चहा दिला, बिस्किटं दिली आणि कागदावर सह्या घेतल्या. कायम म्हणजे किती कायम, ते त्या दिवशी समजलं. पीएफ होता, पण आधार कार्डावर माझी जन्मतारीख एक आणि कंपनीच्या कागदावर दुसरी. अर्ज परत आला. दुरुस्त करून टाकला, पुन्हा परत आला. माझेच पैसे, मोबाइलवर आकडा दिसतोय, आणि हातात येत नाहीत. विम्याचं कार्ड बंद. नवीन घराचा ताबा अजून मिळाला नव्हता, पण त्याच्या कर्जाचे तीन हप्ते तुंबले. बँकेची नोटीस आली, महिनाअखेरपर्यंत निदान दोन हप्ते भरा. बंदरावर काम मंद, नवऱ्याचा ट्रेलर पंधरा दिवस नुसता उभा. मुलाची फी राहिली. ठेवी आधीच संपल्या होत्या. मला पहिल्यांदा कळलं की अमावास्या कधी आहे ते माणूस का बघतं.

मी कोणाला काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने मी देवीकडे मागणार? नोटीस पिठाच्या डब्याखाली ठेवली. पण आमची भिंत एका विटेची. रात्रीची आमची कुजबुज पलीकडे जात असणारच.

त्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर गेले. भिशीच्या हप्त्याचे दोन हजार मी नाकातली चमकी विकून आणले होते. तांब्यात नऊ चिठ्ठ्या होत्या, मोजल्या नाहीत, पण सवय जात नाही. जाऊ उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती, जणू तिचा यात काही संबंध नाही. शेजारणीने तांब्यावर ओला फडका टाकला. डोळे मिटले. डावा हात आत घातला.

तो हात तांब्यात जरा रेंगाळला.

दोन वर्षांत तो कधी रेंगाळला नव्हता. घालायची आणि काढायची. मी जावेकडे बघितलं. ती तांदळातला खडा शोधत होती, मान खाली.

चिठ्ठी बाहेर आली. शेजारणीला वाचता येत नाही, तिने ती माझ्याच हातात दिली. "वाच गो."

मी उलगडली. माझं नाव होतं, आणि घडीत मिठाचा खडा. तो पडू नये म्हणून मी मूठ घट्ट आवळली. मग माझं नाव वाचलं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, "देवी पावली." मग सगळ्या म्हणाल्या. पाळी माझी होती.

"देवी पावली गो," मी म्हटलं. कसंबसं.

शेजारणीने नोटांची गड्डी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांची ओंजळ केली, मुठीतला खडा तळव्यात तसाच. ती जरा थांबली. तिला काहीतरी खटकल्यासारखं दिसलं. मग ओशाळं हसली.

"डाव्या हातानं देतंय, राग मानू नको," ती म्हणाली. "उजव्यान धरवत न्हाय."